कागद फाटल्याचा आवाज

सोहार, ओमान
१९ जानेवारी २०१४

ताई,

पाया पडतो. कागदावरूनच, कारण खरं वाकायला कंबर तयार नाही.

तुझा साई पुन्हा विचारेल की मामा फोन का करत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. इथलं नेटवर्क भिकार आहे. समोरचा तोंडात भाताचा घास धरून बोलतोय असं वाटतं. यशश्री म्हणते, बाबा, माझा तर मस्त लागतो. ती आणि प्रेमा, मायलेकी मस्कतला, घुब्राच्या फ्लॅटमध्ये बसून बोलतात. त्यांना सोहारच्या कारखान्यातलं काय कळणार? आणि खरं सांगू, तुझं अक्षर वाचायला मला आवडतं. शाळेत फळ्यावर लिहायचीस तसंच ठसठशीत आहे अजून.

बातमी अशी की मे महिन्यात आम्ही ग्रीसला चाललोय. लेक ट्रॅव्हल कंपनीत लागली, तिने आम्हाला न विचारता आम्हा दोघांचं सगळं ठरवून टाकलं. त्यातला एक दिवस बसने एका प्राचीन देवस्थानाला जायचं, एपिडॉरस नावाचं. सकाळी अथेन्सहून निघायचं, संध्याकाळी परत, बरोबर गाईड. तिथला देव म्हणे वैद्य होता. मी म्हटलं, सुट्टीत देवस्थानच बघायचं तर आपलं मार्लेश्वर काय वाईट होतं? माझं ऐकतं कोण!

परवा एक तमाशा झाला. यार्डातून चाललो होतो, तर सिराजने मागून कॉलर धरून मला असं खेचलं की शर्टाचं बटण तुटलं. सिराज म्हणजे माझ्या खोलीवरचा, दापोलीचा. मागून फोर्कलिफ्ट येत होती. "रमणभाऊ, मरायचंय काय? हॉर्न देऊन देऊन दमला तो!" सगळ्या पोरांसमोर! हॉर्नच बिघडलेला असणार, दुसरं काय?

माझ्या कानाला नावं ठेवतो! अगं, कॉम्प्रेसर चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मी बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडावर दाबतो, आणि आतला एक छर्रा खराब असला तरी सांगतो. आमचे ओमानी इंजिनियर यासिरसाहेब नव्या पोरांना सांगतात, मशीन खोलायच्या आधी रमणचा कान मागवा. हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करणार?

साईला सांग, मामा आठवण काढतो. फणसाला कुयऱ्या धरल्या का ते लिही.

तुझा,
रमण

---

देवरुख
९ फेब्रुवारी २०१४

रमण,

आशीर्वाद. आधी भांडण, खुशाली मागून.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सिराजला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा वाचताना त्या स्क्रूड्रायव्हरपाशी आले आणि एकदम नाना डोळ्यांसमोर उभे राहिले.

गुरुवारचं भजन आठवतं? नाना पेटीला काठी टेकवायचे, काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवायचे आणि डोळे मिटून बसायचे. पेटीवाले बुवा वैतागायचे, "नाना, लाकूड काढा आधी!" आणि आपण दोघं खांबाआड तोंडात ओढणी नि सदरा कोंबून हसायचो. कानातून काही जात नव्हतं त्यांच्या, हाडातून जात होतं. तू काठीच्या जागी स्क्रूड्रायव्हर धरलास, बापलेकांत एवढाच फरक.

तुला ऐकू येत नाहीये, रमण. मशीन येतं, माणूस येत नाही. नेटवर्क बिघडलं, हॉर्न बिघडला, माणसं पुटपुटायला लागली. सगळं जग एकदम बिघडलं आणि तुझे कान तेवढे शाबूत राहिले होय? त्या सिराजच्या आईने कुठल्या मुहूर्तावर त्याला जन्म दिला कोण जाणे, पण तो नसता तर आज मी हे पत्र कुणाला लिहिलं असतं?

डॉक्टरकडे जा. काय म्हणतात ते लिहून कळव. फोन करूच नकोस, फोन मलाही आवडत नाही. त्यात माणसाचं तोंड दिसत नाही.

फणसाला कुयऱ्या भरपूर आहेत. साई शनिवारी रत्नागिरीहून येतो, रविवारी जातो. बाकी मी, मांजर आणि टीव्ही.

ताई

---

सोहार
२ मार्च २०१४

ताई,

मी चिडून लिहितोय, ते अक्षरावरून कळेलच.

कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी होते. दरवर्षी मी पास आहे. याउपर तुला देवरुखला बसून माझे कान दिसतात?

नानांचं नाव काढलंस म्हणून बोलतो. तू तेव्हा लग्न होऊन गेलेली होतीस. नानांचा कान मी होतो. बाजारात, तलाठ्याकडे, डॉक्टरकडे मला बोट धरून न्यायचे आणि मी लोकांचं बोलणं त्यांच्या कानाशी ओरडायचो. पोरं मागून "बहिरे नाना" म्हणून हाका मारायची, ते मात्र सांगायचो नाही. चार माणसांत विनोद झाला की नाना इकडेतिकडे बघून सगळ्यांच्या मागून हसायचे. ते हसू मला आजही सहन होत नाही. काय वाटेल ते होईन, ते मी होणार नाही.

आणि दुसरं. बहिऱ्या मेकॅनिकला इथे ठेवणार कोण? एकदा कुणी लिहून दिलं की यार्डात पाऊल टाकू देणार नाहीत, मग घरी बसा. मशीनशिवाय मला दुसरं येतंय काय? मी देवरुखला येऊन तुझ्या मांजराची देखभाल करू?

विषय खलास.

रमण

---

देवरुख
२३ मार्च २०१४

रमण,

तू खलास म्हटलंस म्हणून विषय खलास होत नाही. मी मोठी आहे.

नानांना तू सांभाळलंस, मला माहीत आहे. त्याबद्दल तुला कधी शाबासकी दिली नाही, ती आज घे. पण नाना बहिरे होते हे त्यांचं दुःख नव्हतं रे. ते लपवण्यात त्यांचा सगळा जन्म गेला, ते दुःख होतं.

आता माझं ऐक. साईने तुझ्या त्या एपिडॉरसची माहिती काढून आणून दिली. सगळी वाचली. आजारी माणसं तिथल्या ओवरीत रात्री झोपायची आणि देव स्वप्नात येऊन उपाय सांगायचा. बरं झालं की त्या हातापायाची, डोळ्याकानाची मूर्ती करून वाहायची. आपण देवीला चांदीचे डोळे वाहतो तसंच की! आणि शेजारीच डोंगराच्या कुशीत दगडी नाटकगृह आहे. खाली मधोमध उभं राहून कागद फाडला, तर पार वरच्या पायरीवर ऐकू येतो म्हणे. गाईड लोक फाडून दाखवतात.

पैज लाव. सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बस. प्रेमाला मध्येच कुठेतरी बसव; तिचे गुडघेही वाचतील आणि तिने तुला कोपराने ढोसायचा प्रश्न येणार नाही. तुला ऐकू आलं, तर या जन्मी मी कानाचं नाव काढणार नाही. नाही आलं, तर मस्कतला परतल्यावर पहिलं काम डॉक्टर. आणि जे होईल ते खरं लिहायचं. नानांच्या काठीची शपथ. ती अजून माझ्या दाराआड उभी आहे.

ताई

---

सोहार
१२ एप्रिल २०१४

ताई,

पैज मंजूर. जिंकलो की काठी माझी.

सिराजला सांगितलं. तो इन्शाल्ला म्हणाला, पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

रमण

---

घुब्रा, मस्कत
१८ मे २०१४

ताई,

शपथ घातली होतीस म्हणून सगळं लिहितो. नाहीतर दोन ओळींत उरकलं असतं.

बस सकाळी अथेन्सहून निघाली. वाटेत दोन समुद्र जोडणारा एक कालवा दाखवला, डोंगर कापून केलेला. प्रेमाने फोटो काढले. मी नुसता बघत होतो. गाईडबाई माईकवर बोलत होती आणि मला तिचं एक अक्षर लागत नव्हतं. मी आपला इंजिनाला आणि तिच्या इंग्रजीला दोष देत होतो. प्रेमा मध्येच हसली की मीही हसायचो. हे मी करतोय असं तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

देवस्थानात पडलेले खांब, पाइनची झाडं आणि पुष्कळ ऊन. ती ओवरी पाहिली. देव कुठे नाही. चौथरा आहे नुसता. गाईडबाईने अवयव वाहायची गोष्ट सांगितली, हाताने कान धरून दाखवला म्हणून कळली. प्रेमा म्हणाली, म्हणजे नवसच की. तिने चपला काढून चौथऱ्याला नमस्कार केला. मीही केला. देव परका असला म्हणून काय झालं, वैद्य तर आहे.

मग नाटकगृह. ताई, काय बांधलंय! दगडावर दगड, चुना नाही, सिमेंट नाही, आणि एक पायरी कलली नाही. प्रेमा अर्ध्यावर बसली. मी चढत राहिलो. वर पोचेपर्यंत धाप लागली, पण म्हटलं पैज ती पैज. शेवटच्या पायरीवर आमच्या बसमधले दहाबारा जण येऊन बसले. माझ्या शेजारी एक टक्कल पडलेला पोर्तुगीज म्हातारा होता.

खाली गाईडबाई मुंगीएवढी. तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कागद दाखवला आणि फाडला. कागदाचे दोन तुकडे झालेले दिसले. आवाज नाही. काहीच नाही, ताई! माझ्या पलीकडची बाई "वंडरफुल" म्हणाली असावी, तिचे ओठ तसे हलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. टाळ्या वाजायला लागल्या आणि माझेही हात टाळीसाठी वर आले.

तेव्हा मला नाना दिसले. सगळ्यांच्या मागून हसणारे. मी सगळ्यांच्या मागून टाळी वाजवणार होतो.

मनात आलं, कोण बघतंय? प्रेमा अर्ध्यावर, ताई देवरुखला. "ऐकू आलं" म्हणून लिहून टाकू, काठी घेऊ, मोकळे होऊ. हे मनात आलं हेही लिहितो, कारण शपथ आहे.

मग मी उठून उभा राहिलो आणि कॉम्प्रेसर हाऊसमध्ये ओरडतो तसा ओरडलो. "मॅडम! आय डिड नॉट हिअर! अगेन, प्लीज!"

सगळं नाटकगृह माझ्याकडे वळलं. प्रेमाने तर डोक्याला हात लावला. पण ऐक ना, शेजारचा पोर्तुगीजही उठला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी टू!" त्याच्या पलीकडचा एक उठला. मग ती वंडरफुलवाली बाईसुद्धा लाजत लाजत हात वर करून बसली! म्हणजे तिथे वाऱ्यात कितीतरी जणांना काही आलं नव्हतं आणि सगळे माना डोलावत होते. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. सगळी माणसं नानाच आहेत गं.

गाईडबाई भली. तिने पुन्हा कागद फाडला. या वेळी वारा पडला होता, सगळे श्वास रोखून बसलेले. पोर्तुगीजाला ऐकू आलं, त्याने मला मिठीच मारली. मला नाही आलं.

मी म्हटलं, आता नाटक सुरू केलंच आहे तर पुरं करू. काही पायऱ्या उतरलो, बसलो, हात केला. तिने फाडला. नाही. आणखी उतरलो. नाही. बसमधले लोक आता मोजत होते, हुर्रे करत होते. तिच्याकडचे कागद संपले, तेव्हा तिने सहलीची माहितीपत्रकं फाडायला घेतली. मी प्रेमापर्यंत आलो. तिला पहिल्या वेळेपासून ऐकू येत होतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बसा आता इथेच." मी म्हटलं, "नाही, मला कळायला पाहिजे कुठे येतं ते." तिच्याही खाली, खूप खाली गेलो. गाईडबाईच्या कपाळावरचा घाम दिसायला लागला, तेव्हा कुठे सुकं पान चुरगळावं तसा आवाज आला.

ऐकू आलं, ताई. पण कुठे आलं ते मी बघितलं. वर वळून पाहिलं तर मधल्या एवढ्या पायऱ्या मी घालवून बसलोय, आणि मला पत्ता नव्हता.

प्रेमा बसमध्ये रडली. म्हणाली, दोन वर्षं मी तुम्हाला हाका मारते आणि तुम्ही वळत नाही, मला वाटायचं तुमचं माझ्यावरचं मन उडालं. हे मला माहीत नव्हतं. याच्यापुढे नोकरीचं काय घेऊन बसायचं!

पैज तू जिंकलीस. मंगळवारी डॉक्टर.

रमण

---

घुब्रा, मस्कत
१५ जून २०१४

ताई,

महिना होत आला, तुझं उत्तर नाही. पैज जिंकलीस आणि साधा टोमणाही नाही? ही माझी ताई नव्हे.

तरी लिहितो. इथल्या कानाच्या डॉक्टर मल्याळी आहेत, तोंड समोर ठेवून सावकाश बोलतात. त्यांनी एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून कानापुढे धरला, काही नाही. तोच कानामागच्या हाडाला टेकवला तर खणखणीत. मी म्हटलं, मॅडम, हे मला माहीत आहे, माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे. त्या हसल्या. कानाच्या आत एक इवलंसं हाड असतं, ते आखडलंय म्हणे. नस शाबूत आहे. सध्या कानाला मशीन लावायचं, पुढे वाटलं तर ऑपरेशनही होतं. मी इतकी वर्षं हाडाने ऐकून कान चांगले आहेत म्हणत बसलो होतो!

यासिरसाहेबांकडे मी स्वतः गेलो. तपासणीत पास कसा व्हायचो तेही सांगितलं: तपासणाऱ्याचा हात काचेत दिसायचा, तो हलला की मी बटण दाबायचो. साहेब म्हणाले, कानातलं मशीन नीट बसेपर्यंत यार्डात पाय ठेवायचा नाही, आणि कॉम्प्रेसरपाशी सिराज बरोबर असल्याशिवाय नाही. नोकरीवरून काढलं नाही. सिराजने मला बिर्याणी खाऊ घातली आणि त्या तुटलेल्या बटणाच्या जागी नवीन बटण लावून दिलं.

आता माझा प्रश्न. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी नानांचं सांगितलं. भावंडं? मी म्हटलं, एक मोठी बहीण, तिला काही नाही, ती तर भिंतीपलीकडचं ऐकते. त्या म्हणाल्या, हे घराण्यात उतरतं आणि बायकांत जास्त दिसतं, एकदा बघून घ्या.

बाहेर आल्यावर मी फुटपाथवर उभा राहिलो. तू मला शेवटचा फोन केलास कधी? आठवेना. साई करतो, तूच "सांग त्याला" म्हणतेस. आणि फेब्रुवारीत तू लिहिलं होतंस की फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही. ताई, ऐकायला तोंड कशाला दिसावं लागतं?

खरं लिही. काठीची शपथ आता मी घालतो.

रमण

---

देवरुख
२० जुलै २०१४

रमण,

उत्तर नाही म्हणून कावलास ना? तुझं नाटकगृहाचं पत्र आलं त्या दिवशी मी पेन घेऊन बसले होते. "बघ, मी सांगत नव्हते!" एवढं लिहिलं आणि कागद चुरगळून टाकला. कुठल्या तोंडाने लिहिणार होते?

मला ऐकू येत नाही, रमण. नोकरीत होते तेव्हापासून. डावा कान तर गेल्यातच जमा आहे. शेवटची वर्षं मी वर्गात तोंडी उत्तरं बंदच केली होती. "बोलू नका, वहीत लिहून दाखवा." विद्याबाईंची शिस्त बघा म्हणून निरोपाच्या भाषणात माझं कौतुक झालं! ते भाषण मला निम्मं कळलं नाही. तुला नेटवर्क होतं, मला शिस्त होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. नानांची लेकरं आपण.

तू स्क्रूड्रायव्हरचं लिहिलंस आणि मी इतकं पटकन ओळखलं ते का, ते आता तुला कळेल. मीही रात्री रेडिओला कपाळ टेकवून बातम्या ऐकते. लहानपणी अंधारात गोठ्यात जायचं तर मी तुला पुढे ढकलायचे आणि तुझा सदरा धरून मागून यायचे. तुला आठवत असेल. याही वेळी तेच केलं. तू गेलास, ओरडलास, सगळ्यांदेखत उतरत खाली आलास. मला तुझा अभिमान वाटला आणि माझी मला लाज वाटली, दोन्ही एकदम.

तुझी मे-जूनची दोन्ही पत्रं साईच्या हातात दिली आणि म्हटलं, वाच. वाचून त्याने घरातली जुनी वर्तमानपत्रं घेतली आणि ओटीवर जाऊन बसला. मी अंगणाच्या टोकाला, फणसाखाली उभी राहिले. पाऊस उघडला होता. साई फाडत होता, मी एकेक पाऊल पुढे येत होते. तुझ्या नाटकगृहाला एवढ्या पायऱ्या, माझं अंगण ते केवढं! तरी विहिरीपाशी काही नाही. तुळशीपाशी काही नाही. साईचे डोळे भरले होते, पण पोरगा फाडायचा थांबला नाही. शेवटी ओटीच्या पायरीवर पाय ठेवला, त्याच्या गुडघ्याला हात लागेल एवढी जवळ आले, तेव्हा ऐकू आलं. अगदी तू लिहिलंस तसंच.

रत्नागिरीचा डॉक्टर मंगळवारी ठरला आहे. साई रजा काढून नेणार आहे. मी त्याला सांगितलंय, आत माझ्याबरोबर यायचं, पण माझ्या वतीने उत्तरं द्यायची नाहीत. मी स्वतः सांगेन.

काठी तुझीच. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. पैज मी जिंकले खरी, पण वर चढून तू गेलास.

माझं मशीन आलं की साई तुला कळवेल. त्या दिवशी तू मला फोन लाव. मी उचलेन. पहिल्यांदा काय बोलावं ते तुला सुचणार नाही, मला तर मुळीच सुचणार नाही. तेव्हा बोलू नकोस. नुसता एक कागद फाड.

ताई